कुठवर मागं जायचं?

बस्त्याव परेरांना कुठलीही वस्तू दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दुसरी कुठंय?"

कपाटाची चावी दाखवली, दुसरी कुठंय? नवी छत्री घेतली, दुसरी कुठंय? आमच्या ऑफिसातल्या विनीताचं लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या नवऱ्याचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. आम्ही बायका "छान आहे गं, उंच दिसतो" वगैरे म्हणून मोकळ्या झालो. परेरांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "दुसरा कुठंय?" विनीताच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांना फोटोची दुसरी प्रत म्हणायची होती, हे तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. लग्नाच्या दिवशी परेरा आहेर घेऊन स्टेजकडे निघाले, तशी ती वरूनच मला खुणा करायला लागली, यांना काही बोलू देऊ नका म्हणून.

स्वतःच्या बाबतीतही त्यांचा तोच कायदा. शर्टाच्या खिशात एक चष्मा, पँटच्या खिशात त्याच काड्यांचा, त्याच नंबरचा दुसरा. दोन पेनं, दोन रुमाल, दोन कंगवे. डोक्यावर केस किती होते ते विचारू नका, पण कंगवे दोन. शर्ट रोज तोच, फिकट पिवळा. मी बरेच दिवस नाक मुरडत होते की हा माणूस कपडे धुतो तरी का. मग कळलं, एकाच ताग्यातून ढीगभर शिवून घेतले होते. मी आहे फटकळ, तोंडावर विचारलं, "परेरा, जरा निळा घाला की कधी!" तर म्हणाले, "नको बाय. आहे ते चालू आहे ना? मग बदलायचं नाय."

आमचं ऑफिस माणिकपूरला, स्टेशनकडून आलं की रिक्षास्टँडच्या पुढे, एका शिवणक्लासच्या वर. वसईतल्या बऱ्याच शाळांचं काम आमच्याकडे असायचं. निकालपत्रकं, दाखले, ओळखपत्रं. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती, शाळांना सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं आणि कॉम्प्युटरला हात लावायला मात्र कुणी तयार नव्हतं. आमच्या म्हात्रेसाहेबांनी नेमकी ती फट गाठली. मी तिथे सुपरवायझर. परेरा तरुणपणी वायरमनची कामं करायचे, पुढे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर खात्यात आयुष्य काढून, लवकर निवृत्ती घेऊन आले होते. आमची सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात.

एकदा म्हात्रेसाहेब मुंबईला कसलंसं व्याख्यान ऐकून आले आणि त्यांनी एक मोठी थोरली पेटी आणून ठेवली. आमची जुनी सगळी मशीनं परेरांनी त्या एका पेटीत घातली. म्हणजे डबे भंगारात गेले आणि आतला कारभार पेटीत राहायला आला. याला म्हणे व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. आमच्या डोक्यात काही शिरेना. निकालाचं मशीन गेलं कुठं? तर आहे. कुठाय? तर पेटीत. आणि दाखल्याचं? तेही पेटीतच. मी म्हटलं, "परेरा, ही काय भुताटकी?"

"भुताटकी नाय बाय. हे मशीन नाय, ही मशीनची गोष्ट आहे," ते म्हणाले. "गोष्ट कुठल्याही घरात बसून सांगता येते. फक्त नीट आठवली पायजे."

मला ते फार आवडलं. पण आवडलं म्हणून मी सांगितलं नाही. माणूस शेफारतो.

आता पेटी एक, म्हणजे परेरांच्या जिवाला घोर. दुसरी कुठंय, दुसरी कुठंय करून त्यांनी म्हात्रेसाहेबांना भंडावून सोडलं. शेवटी साहेबांच्या सासुरवाडीला, गासला, माळ्यावरच्या खोलीत दुसरी पेटी बसली. आमच्या गच्चीवर एक अँटेना, त्यांच्या गच्चीवर एक. इकडे विनीताने एका मुलाचे मार्क टाइप केले की ते तिकडे लगेच जायचे. शिवाय परेरांनी आणखी एक सोय केली होती. कुठला बदल कुठल्या क्षणी झाला, ते सगळं तिकडची पेटी लक्षात ठेवायची. मागच्या दोन-तीन दिवसांतला कुठलाही क्षण सांगा, त्या क्षणाला मशीन जसं होतं तसं उभं करून मिळणार. गासच्या मंडळींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ती गरम राहणारी पेटी होती आणि घरातलं मांजर तिच्यावर झोपायचं.

एवढ्यावर थांबतील तर ते परेरा कसले! दर शुक्रवारी जेवणानंतर ते एखादं मशीन परत उठवून बघायचे. खरं मशीन चालूच, पण त्याची मागची प्रत पेटीच्या एका कोपऱ्यात, कुणाशी संबंध येणार नाही अशी वेगळी उठवायची. जुनी आणि नवी समोरासमोर आली तर दोघी म्हणणार मीच खरी, आणि दोघींचं भांडण लागून सगळाच विचका होणार, असं त्यांचं म्हणणं. आम्ही कंटाळायचो. विनीताचं काम मंदावायचं. पण परेरा स्क्रीनसमोर हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. काळ्या स्क्रीनवर अक्षरं सरकायची, थांबायची, परत सरकायची. मग दाखल्याचं ओळखीचं पान उघडायचं आणि परेरा अगदी हळू, स्वतःशीच म्हणायचे, "आली."

मशीन नपुंसकलिंगी आहे हे त्यांना पेठेबाईंनी कितीदा तरी सांगितलं होतं. पण ते "आली"च म्हणायचे.

या पेठेबाई म्हणजे आमच्या मुद्रितशोधक. मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. ऑफिसात आल्या आणि सगळ्यांचं तोंड बंद झालं. कुणी "मी आली" म्हणालं की त्या मान वर न करता म्हणणार, "आले." नळवाला "पानी येनार नाय आज" म्हणून सांगून गेला तर बाई त्याच्या पाठीमागून जिन्यापर्यंत जाणार, "पाणी! येणार!" परेरांच्या 'ण'वर मात्र त्यांना बोट ठेवायला जागा नव्हती. ते होते खाडीकडचे, मिठागरातल्या माणसांच्या गावचे, जिथे झाडून सगळे पानी म्हणतात. पण परेरा पाणी म्हणायचे, लोणी म्हणायचे, आणि तो ण असा ठासून म्हणायचे की बाई खूश. "कुणी शिकवलं हो तुम्हाला?" बाईंनी एकदा विचारलं. परेरा नुसते हसले.

परेरांची आणखी एक तऱ्हा होती आणि तिचा मला मनापासून राग यायचा. संध्याकाळी उन्हं समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून वर सरकली की हा माणूस उठायचा. काम अर्धं असो, साहेब बोलत असोत, आग लागलेली असो. हेल्मेट उचललं की चालला. राहायला निर्मळला. चर्चची संध्याकाळची प्रार्थनेची घंटा वाजायच्या आत घरी पोचलंच पाहिजे, हा त्यांचा नेम. का, म्हणून विचारलं तर "घरी वाट बघतात" एवढंच उत्तर. अहो, आमच्या घरी काय आमच्या आठवणीने फटाके वाजवतात? सगळ्यांच्याच घरी वाट बघतात!

बरं, घाई असेल तर माणूस सरळ घरापर्यंत स्कूटरने जाईल. हे काय करायचे, स्कूटर निर्मळ नाक्यावर एका दुकानापाशी लावायचे, तिथे ठेवलेली जुनी सायकल काढायचे आणि शेवटचं अंतर सायकलने जायचे. आमच्याकडचा एकजण तिकडचाच, त्याने हे रोज पाहिलेलं. ऑफिसात त्यावर पुष्कळ चर्चा झाली. कुणी म्हणे पेट्रोल वाचवतो, कुणी म्हणे बायकोला स्कूटरचं सांगितलेलंच नाही. मी म्हटलं, स्कूटर बंद पडली तर दुसरी हवी म्हणून सायकल, आणि सायकल बंद पडली तर काय, होडी ठेवलीय का विचारा. सगळे हसले. परेराही हसले आणि हेल्मेट घेऊन निघाले.

त्यांच्या बायकोला आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. लुर्दीन नाव, निर्मळच्या एका मास्तरांची एकुलती एक मुलगी, मास्तर गेल्यावर परेरा त्याच घरात राहतात, इतकीच माहिती.

आता तो दिवस सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेचे दाखले द्यायचे होते. कार्यक्रम ठरलेला, मुलं आईबापांना घेऊन येणार होती. शेवटचे मार्क भरणं विनीताने दुपारी संपवलं आणि पेठेबाई तपासायला बसल्या. चहा आला. बाईंना एका मुलाच्या पत्त्यात दिसलं, "गोड्या पान्याच्या विहिरीजवळ." बापाने फॉर्मवर जसं बोलतात तसं लिहिलेलं. पुढच्या पत्त्यात परत पान्याच्या. बाईंना राहवेना. एक अक्षर सगळीकडे एकदम बदलता येतं, हे विनीताने त्यांना आदल्याच आठवड्यात हौसेने शिकवलं होतं. बाईंनी लिहिलं, जिथे न आहे तिथे ण कर. त्यांना वाटलं, यंत्र फक्त समोरच्या पत्त्यांतलं पानी तेवढं बदलेल. यंत्राने सगळ्या शाळेत केलं. नुसत्या त्या शाळेत नाही, आमच्याकडच्या सगळ्या शाळांत केलं.

पहिली किंकाळी विनीताची. "मॅडम, हे बघा!"

सुनीलचा सुणील झाला होता. नीताची णीता. जॉनचा जॉण. आईचं नाव मीणा, राहणार णालासोपारा, धर्म ख्रिश्चण. एका बिचाऱ्या मुलाचं जन्मगाव णिर्मळ. सगळ्या दाखल्यांत एक 'वर्तणूक' तेवढी जशीच्या तशी राहिली होती.

"अहो, मी फक्त पाणी शुद्ध करत होते!" पेठेबाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. कुणीतरी फस्सकन हसलं. मी डोळे वटारले, पण माझंही तोंड वाकडं व्हायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

म्हात्रेसाहेब धावत आले. "घाबरताय काय? गासला दुसरी आहे ना! परेरा, ती घ्या."

परेरांनी आपल्या स्क्रीनवर पाहिलं. "तिथंही जॉण आहे साहेब. इथं झालं ते तिथं लगेच गेलं. चूकसुद्धा नीट जपून ठेवलीय तिनं."

"मग दोन दोन पेट्या कशाला घेतल्या आपण?"

 परेरांनी आधी उठून अँटेनाची वायर उपसून काढली, म्हणजे इथून तिथे आणखी काही जायला नको. मग पेठेबाईंसमोर स्टूल ओढून बसले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वहीत लाल शाई केलेली बाई, आता स्वतः चुकली होती आणि तिला ते सोसत नव्हतं.

"बाई, आठवून सांगा," परेरा म्हणाले. "कुठवर मागं जायचं?"

"सकाळपर्यंत जा ना! म्हणजे झालं!" साहेब मधेच.

"फार मागं गेलं तर विनीताचे मार्क जातील. कमी गेलं तर चूक परत येईल. मधली नेमकी जागा पायजे." ते परत बाईंकडे वळले. इतक्या मऊ आवाजात ते बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "बाई, चहा आला होता?"

"आला होता."

"प्यायला होतात?"

"बशीत ओतला होता. मग गार होतोय म्हणून एक घोट घेतला. मग ते अक्षर बदललं. नाही, थांबा. आधी बदललं. मग घोट घेतला, तेव्हा विनी ओरडली."

"मार्क भरून झाले होते?"

"हो. ती हात धुवायला गेली होती."

"बस. मिळाली जागा," परेरा म्हणाले.

वायर काढलेली, म्हणून गासला जाणं भाग होतं. नावं पडताळायला माहितगार माणूस हवं, म्हणून मीही निघाले. परेरांच्या स्कूटरवर मागे बसायची माझी पहिलीच वेळ. जाताना त्यांनी एकदा भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिलं. मी म्हटलं, "आज नाही हं पळायचं परेरा. पोरांच्या नावाचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "गासवरून निर्मळ जवळ आहे. होईल वेळेत."

माळ्यावर गेलो. मांजराला उठवलं, त्याने आम्हाला शिव्या दिल्या असाव्यात. परेरांनी पेटीच्या कोपऱ्यात एक प्रत उठवायला घेतली. वेळ लागत होता. स्क्रीन काळी, अक्षरं सरकताहेत. परेरा एकदा स्क्रीनकडे बघत, एकदा खिडकीबाहेर वालाच्या मांडवाकडे. पान उघडलं. जॉन होता, नीता होती, पण विनीताचे शेवटचे मार्क नव्हते. फार मागं गेलो होतो. परत. या वेळी मार्क होते आणि जॉण होता. परेरांनी कपाळावरचा घाम पुसला, मग दुसऱ्या खिशातला रुमाल काढून परत पुसला. खिडकीबाहेर उन्हाचा रंग बदलला होता.

"परेरा, तुम्ही जा हवं तर," माझ्या तोंडून गेलं. "साहेबांना मी सांगते."

"नाय. पोरगा आयुष्यभर जॉण म्हणून हिंडेल." त्यांनी तिसऱ्यांदा बसवलं.

पान उघडलं. मी वाचायला लागले. "सुनील?"

"सुनील."

"नीता? मार्क आहेत?"

"आहेत."

"जॉन?"

"जॉन," परेरा म्हणाले आणि मग हळूच, "आली."

माझ्याही जिवात जीव आला. खाली बघते तर पत्त्यात "गोड्या पान्याच्या" परत हजर. "हा एवढा करू का दुरुस्त?" मी विचारलं.

"तो असू दे बाय," ते म्हणाले. "एखादा न असू दे."

आता हीच प्रत खरी धरून चालवायला सांगायची होती. परेरांनी ते केलं, साहेबांना फोन केला, आणि फोन खाली ठेवतात तोच चर्चची घंटा वाजली.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरतं हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. "मोनीमावशी गेली असेल," ते म्हणाले. मोनीमावशी कोण, मला काय ठाऊक! मी आपली त्यांच्यामागे जिना उतरले. "निर्मळ नाक्यावर तुला रिक्षा मिळेल, बस मागं," एवढं बोलले आणि स्कूटर अशी मारली की मी आमचं कुलदैवत आठवलं.

नाक्यावर त्यांनी स्कूटर सोडली, सायकल काढली आणि हँडलला माझी पर्स अडकवून निघाले. माझी पर्स! स्कूटरच्या हुकाला होती, ती सवयीने उचलून डब्यासारखी हँडलला लावली. "अहो परेरा! माझी पर्स!" ऐकताहेत कुठले! रिक्षा समोर उभी आणि पैसे चालले सायकलवरून. मी साडी वर धरली आणि पळत सुटले. दोन्ही बाजूंना केळी, मधून वाट, पुढे सायकलची घंटा वाजते आहे. आणि ती घंटा काही रस्ता मोकळा करायला वाजत नव्हती. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ते नुसते वाजवतच होते, मी आलो, मी आलो म्हणून सांगितल्यासारखे.

मी पोचले तेव्हा परेरा एका जुन्या कौलारू घराच्या फाटकात उभे होते, सायकल हातात. ओटीवर दिवा लागलेला. पायरीवर एक बाई उभ्या होत्या. पांढरे केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचं पातळ. घाबरल्या होत्या. त्यांनी खांब घट्ट धरला होता.

"कोण पाहिजे?" त्यांनी परेरांना विचारलं. "बाबा घरात नाहीत. शाळेतून यायचे आहेत. तुम्ही नंतर या."

 परेरा दोन पावलं मागे आले, मला पर्स दिली. तेव्हा त्यांना बहुधा उमगलं की मी इथवर आले आहे आणि आता काही लपवण्यात अर्थ नाही.

"दिवसा मोनीमावशी असते," ते हलक्या आवाजात म्हणाले. "घंटा झाली की ती प्रार्थनेला जाते. त्याच्या आत मी सायकल वाजवत आलो तर लुर्दीन मला ओळखते. मी तेव्हा सायकलनेच यायचो कामावरून. हाच शर्ट असायचा. उशीर झाला की ती घाबरते आणि मागं मागं जाते." त्यांनी पायरीकडे पाहिलं. "आज पार लग्नाच्या आधी गेलीय."

"मग सांगा ना त्यांना, मी तुझा नवरा," मी म्हटलं. मूर्खासारखंच, पण दुसरं काय सुचणार?

"एकदा खरं सांगितलं होतं बाय. बाबा कधीच वारले म्हणून. पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडली. दुसऱ्या दिवशी विसरली, परत विचारलं, मी परत सांगितलं. परत तशीच रडली. तिनं किती वेळा बाप मरताना बघायचा? तेव्हापासून खरं-खोटं सोडलं. आज ती कुठवर मागं आहे ते आधी बघायचं. मग त्या दिवसाला धरून बोलायचं."

इतके महिने मी या माणसाच्या मागे लागले होते, निळा शर्ट घाला म्हणून.

परेरांनी खिशातून कंगवा काढला. होते नव्हते ते केस पाणी लावल्यासारखे चापून बसवले. सायकल फाटकाला टेकवली, सरळ उभे राहिले आणि अंमळ मोठ्याने म्हणाले,

"मास्तरांनी बोलावलंय. मी वायरमन. मीटर बघायचाय. पन आधी जरा पानी मिळल का?"

त्यांच्या तोंडून पानी ऐकून मी चमकले. पायरीवरच्या बाईंचा हात खांबावरून सुटला. त्यांनी मान तिरपी करून या माणसाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. अगदी पोरीसारखं, थोडं चिडवणारं.

"पानी नाही हो," त्या म्हणाल्या. "पाणी. म्हणा बघू."

"पानी."

"पाणी! ण! जीभ अशी वर लावा."

"पानीच येतंय बाई. आमच्या गावाला हेच मिळतं."

त्या खळखळून हसल्या. "थांबा, आणते," म्हणून आत गेल्या. परेरा पुढे आले आणि ओटीच्या खालच्या पायरीवर बसले, घरी आलेल्या परक्या माणसाने बसावं तसे, जरा अंग चोरून. बाईंनी तांब्या-भांडं आणलं. परेरा भांडंभर पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"मीटरचं काम आज होणार नाही," ते म्हणाले. "उद्या येऊ का?"

"या," बाई म्हणाल्या. "पण वेळेवर या हं. मला वाट बघायला आवडत नाही."

"येतो," परेरा म्हणाले.

मग बाई आत गेल्या. मी फाटकाशी उभीच. निघावं कळत होतं, पाय निघत नव्हता. परेरांनी मला हाताने थांब म्हणून खूण केली. ते उठले नाहीत, हाक मारली नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, दाराकडे बघत, शुक्रवारी स्क्रीनसमोर बसतात तसे बसून राहिले. आत भांड्यांचा आवाज झाला. थांबला. कुणीतरी डब्यातून तांदूळ काढत होतं. परत शांत. शेजारच्या विहिरीवरचा पंप कुणीतरी बंद केला.

आणि आतून आवाज आला, वयस्कर बाईचा, रोजच्या संसारातला, थोडा वैतागलेला:

"बस्त्याव, आज किती रे उशीर! आणि बाहेर काय बसलायस? ती बाय कोण उभी आहे, तिला आत तरी बोलव."

परेरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा रुमाल शोधत खिसे चाचपले, मिळाला नाही, तसेच बाहीने डोळे पुसले.

"आली," ते म्हणाले.